बॅलेच्या वर्गातील पहिले वर्ष

मुलगी चार वर्षांची झाली, की तिला नृत्याच्या वर्गाला घालावे असा विषय घरात निघतो. पूर्वी ही निवड कथक आणि भरतनाट्यम यांपुरती मर्यादित असे. आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बॅलेचे वर्गही भरू लागले आहेत. मुलीला मोह असतो तो गुलाबी झालरीच्या झग्याचा, आईला हवी असते ती ताठ पाठ आणि डौलदार चाल, वडिलांना जाणून घ्यायचा असतो फीचा आकडा आणि आजीला पडलेला असतो पोशाखाचा प्रश्न. चौघांच्याही शंका रास्त आहेत. मात्र ज्या गोष्टींची चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी, त्या बहुधा कोणीच विचारीत नाही.

बॅले ही मुळात राजदरबाराची कला. इटलीत तिचा उगम झाला आणि फ्रान्समध्ये ती शिस्तबद्ध झाली. चौदाव्या लुई राजाने 1661 मध्ये पॅरिस येथे नृत्याची अकादमी स्थापन केली. म्हणूनच आजही जगात कोठेही बॅले शिकवला, तरी त्याची परिभाषा फ्रेंचच असते. गुडघे बाहेरच्या दिशेने वाकविणे म्हणजे ‘प्लिए’, पाय ताणून जमिनीवरून सरकविणे म्हणजे ‘तांद्यू’, टाचा उचलणे म्हणजे ‘रलेव्हे’. भरतनाट्यमची अरमंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना प्लिए फारसा परका वाटणार नाही. आपल्याशी या कलेचा संबंधही अगदीच नवा नाही. रशियन नर्तिका आना पाव्हलोवा हिने 1920 च्या दशकात भारताचा दौरा केला होता आणि उदय शंकर यांनी तिच्याबरोबर राधा-कृष्णाच्या कथेवरील नृत्य सादर केले होते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना खरा बॅले शिकविला जात नाही आणि शिकवूही नये. या वयाचा चांगला वर्ग म्हणजे संगीताच्या तालावरचा खेळ असतो: घोड्यासारखे दौडणे, चवड्यांवर मांजरीसारखे चालणे, टाळीबरोबर थांबणे, आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहणे. आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास एवढे पुरेसे होते. तीन महिन्यांत मुलगी काय शिकली, असे विचारणाऱ्या पालकांची यामुळे निराशा होते. परंतु थांबायला आणि ऐकायला शिकणे हीच त्या वयाची कमाई आहे. लंडनमध्ये 1920 साली स्थापन झालेल्या आणि आज रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम आपल्याकडील काही वर्गांतही शिकविला जातो. या संस्थेच्या परीक्षांची पायरीसुद्धा पाच वर्षांच्या आसपासच सुरू होते.

वर्ग पाहायला गेल्यावर भिंतीवरील छायाचित्रांपेक्षा पायांखालची जमीन पाहावी. अनेक वर्ग गृहसंकुलांच्या सभागृहांत भरतात आणि तेथे काँक्रीटवर गुळगुळीत फरशी बसविलेली असते. उडी मारून उतरताना त्या जमिनीचा धक्का थेट घोटे, गुडघे आणि कंबर यांना बसतो. खाली पोकळी ठेवून बसविलेली, किंचित लवचीक अशी लाकडी जमीन आणि तिच्यावर न घसरणारे आच्छादन असावे. दुसरी गोष्ट शिक्षिकेच्या हातांची. पावले बाहेर वळविण्याची क्रिया कमरेच्या सांध्यातून व्हावी लागते. ती सांध्याला झेपेल तेवढीच करवून घ्यावी. पावले हाताने पिरगळून सरळ रेषेत आणण्याचा आग्रह जेथे धरला जातो, तेथे गुडघ्यांची हानी होते. अशा वर्गात मूल एक दिवसही ठेवू नये.

व्यापारी माणूस नमुना पाहिल्याशिवाय माल उचलीत नाही. वर्गाच्या बाबतीतही तेच करावे. आधी एक तास बसवून पाहावा, मग एका सत्राचीच फी भरून पावती घ्यावी. वर्षभराच्या फीवर सवलत मिळत असली, तरी चार वर्षांच्या मुलाच्या आवडीवर बारा महिन्यांची आगाऊ उचल देण्यात शहाणपण नाही. वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख, परीक्षेचे शुल्क आणि मूल आजारी पडल्यास बुडालेल्या तासांची भरपाई यांविषयी पहिल्याच दिवशी विचारावे. या रकमा मागाहून कळतात आणि मग घरात कुरबुर होते.

बूट घेताना ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची आपली जुनी सवय येथे कामाची नाही. सैल बुटात मूल अडखळते. तो पायाला मोज्यासारखा घट्ट, पण बोटे न दाबणारा असावा. आपल्या घरांत चामड्याचाही प्रश्न येतोच. बॅलेचे बूट पुष्कळदा चामड्याचे असतात आणि कॅनव्हासच्या बुटाच्या तळालाही चामड्याचे तुकडे लावलेले आढळतात. म्हणून ‘कॅनव्हास’ एवढे ऐकून समाधान मानू नये. तळ कृत्रिम आहे का, हे विचारूनच घ्यावे. पोशाखाविषयी संकोच असेल, तर अंगाबरोबरचा सदरा आणि पूर्ण लांबीचे पायमोजे चालतील का, हे शिक्षिकेशी मोकळेपणाने बोलावे. तिला सांध्यांची हालचाल दिसली पाहिजे, एवढीच मुख्य गरज असते. रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्या कुटुंबांनी संध्याकाळचा वर्ग घेऊ नये. हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो. मग मूल एकतर भरल्या पोटी उड्या मारते किंवा उपाशी झोपते. शनिवार-रविवारची सकाळ उत्तम.

पहिल्या दिवशी बरीच मुले रडतात. आईने दाराआड बसावे. आरशात आई दिसत राहिली, की मुलाचे लक्ष शिक्षिकेकडे जात नाही. घरी परतल्यावर पाहुण्यांसमोर ‘नाचून दाखव’ म्हणू नये. मुलीच्या अंगकाठीविषयी तर वर्गात किंवा घरी कोणीही एक शब्द काढू नये. बॅलेच्या जगात सडपातळपणाचे स्तोम आहे आणि त्याची झळ पुढे कोवळ्या वयातील मुलींच्या जेवणाला लागते.

सर्वांत मोठी घाई असते ती बोटांच्या टोकांवर उभे राहण्याची. त्यासाठीचे सॅटिनचे बूट पुढच्या टोकाला कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेले असतात. पायाची हाडे पक्की होण्याआधी ते चढविणे धोक्याचे असते. साधारण बारा वर्षांपर्यंत आणि काही वर्षांच्या नियमित सरावाआधी त्यांचा विचारही करू नये. सात-आठ वर्षांच्या मुलींना असे बूट घालून रंगमंचावर उभे करणारा वर्ग कितीही नावाजलेला असला, तरी टाळावा.

मुलग्यांनाही या वर्गात जागा आहे. मुंबईचे अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान यांच्या वाटचालीवर ‘ये बॅले’ हा चित्रपट 2020 मध्ये आला. त्यांपैकी शाह यांना 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. दोघांनीही या नृत्याची सुरुवात बालवयात केली नव्हती. तेव्हा चार वर्षांची मुलगी एका सत्रानंतर ‘नको’ म्हणाली, तर तिला काढून घ्यावे. सातव्या-आठव्या वर्षी ती स्वतःहून मागेल, तेव्हाही उशीर झालेला नसतो.