मूल होण्यासाठी शस्त्रक्रिया : कुठे, कोणती?

• बंद गर्भनलिका : दुर्बिणीतून पाहताना गर्भाशयात निळा रंग सोडतात. तो नलिकेच्या टोकातून बाहेर पडला, की मार्ग मोकळा. नलिका पाणी साठून फुगली असेल, तर आयव्हीएफपूर्वी ती काढतात किंवा बंद करतात.
• गर्भाशयातील पडदा, पॉलिप : योनिमार्गे दुर्बीण घालून काढतात, पोटावर टाका नाही.
• चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणारी गाठ) : काढल्याने दुखणे कमी होते, पण स्त्रीबीजांचा साठा घटू शकतो. म्हणून आधी हा साठा दाखवणारी एएमएच ही रक्ततपासणी करून घ्यावी.
• पीसीओएस : आधी स्त्रीबीज सुटण्यासाठी गोळ्या, त्या लागू पडल्या नाहीत, तरच अंडाशयाचे ड्रिलिंग, म्हणजे दुर्बिणीतून बारीक छिद्रे पाडणे.
• पुरुषांमध्ये : वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, बांधतात. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून वीर्यतपासणी शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांनी.