टाकीखालचा चिखल

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय समोरून जितकं देखणं, तितकंच त्याच्या खालचं कपाट ओबडधोबड. दार उघडलं की पाइपांचं जाळं, वायरींचा गुंता, पंपाची घरघर आणि या पसाऱ्यात काचेची आणखी एक टाकी, म्हणजे संप. वरच्या टाकीतलं पाणी इथे उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. संपच्या एका कप्प्यात दिव्याखाली हिरवंगार समुद्रशेवाळ वाढत असतं. हे रेफ्युजियम. मासे इथवर पोचत नाहीत, त्यामुळे टाचणीच्या डोक्याएवढे कवचधारी जीव, कोळंबीची पिल्लं, बारीक किडे इथे निर्धास्त वाढतात. शेवाळ कशाला, हे कोणताही मत्स्यपालक दोन वाक्यांत सांगेल. पण त्या शेवाळाखाली चिखलाचा थर हवा की नको, असं विचारलं की चर्चा लांबते.

चिखलाची ही पद्धत गाजली ती अमेरिकेत. 1990च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या लेंग सी यांनी ‘इकोसिस्टम’ नावाने ती हौशी लोकांपुढे आणली. तेव्हा प्रवाळांची टाकी म्हटली की लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेले समुद्री खडक, आणि पाण्यातली घाण फेसावर काढून टाकणारा प्रोटीन स्किमर, ही जोडी ठरलेली असे. सी यांनी स्किमरला रजा दिली. त्याच्या जागी ‘मिरॅकल मड’चा पातळ थर, त्यात रोवलेलं कॉलर्पा नावाचं शेवाळ आणि वर चोवीस तास जळणारा दिवा. या चिखलात नेमकं काय आहे, हे व्यापारी गुपितच राहिलं. ठरावीक काळाने निम्मा चिखल काढून ताजा घालावा, असा मात्र सल्ला होता.

चिखल घालणं हे घाईचं काम नव्हे. पंप बंद करायचा, कप्प्यातलं पाणी उपसायचं, ओला चिखल हाताने दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थापायचा. त्यावर एखादी ताटली उपडी ठेवायची आणि पाण्याची बारीक धार ताटलीवर सोडायची. एवढं करूनही पाणी गढूळ होतंच. गाळाचे कण 0.063 मिलीमीटरपेक्षा लहान असतात; ते तळाशी बसायला वेळ घेतात. पंप लवकर सुरू केला तर हाच गाळ वर जाऊन प्रवाळांवर बसतो आणि त्यांना चिकट स्राव सोडून तो झटकत बसावं लागतं.

काही आठवड्यांनी संपच्या काचेला नाक लावून पाहिलं की थरांचे रंग दिसू लागतात. सगळ्यात वर काही मिलीमीटरची तपकिरी पट्टी, तिच्याखाली करडी, तळाशी काळी. कण इतके दाटून बसलेले असतात की पाण्यातला प्राणवायू वरच्या पट्टीपलीकडे जेमतेम उतरतो. करड्या भागातले जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. काळ्या भागात गंधकावर जगणारे जिवाणू असतात. तिथे काडी खुपसली की कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. काचेलगत किड्यांनी पोखरलेली उभी बिळं दिसतात आणि प्रत्येक बिळाभोवती तपकिरी कड असते, कारण किड्याच्या हालचालीने तेवढ्या जागेत प्राणवायू उतरलेला असतो. रात्री टॉर्च मारला तर चिखलावर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतात. हे कोपेपॉड. मँडरिनसारखे मासे यांच्यावरच जगतात.

म्हणजे चिखलात घडतं पुष्कळ. प्रश्न असा की टाकीचं पाणी सुधारतं ते कुणामुळे?

माशांना घातलेल्या अन्नातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवटी पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणून साचतं. शेवाळ ते शोषून स्वतःचं अंग वाढवतं. मूठभर शेवाळ छाटून फेकलं की तेवढा ऐवज टाकीबाहेर गेला. वरचे दिवे विझल्यावर खालचा दिवा लावण्याची रीत असते. रात्री सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी उजेडातलं शेवाळ तो वायू ओढून घेतं आणि घसरण आटोक्यात राहते. हे सगळं श्रेय शेवाळाचं आणि दिव्याचं. चिखल नसलेल्या कप्प्यातही हे असंच चालतं.

चिखलाचा खास दावा आहे तो लोह, मँगनीज अशा सूक्ष्म मूलद्रव्यांचा. समुद्राच्या प्राणवायुयुक्त पाण्यात लोह विरघळलेलं राहत नाही, गंजाच्या रूपात खाली बसतं. चिखलाच्या खोल थरात प्राणवायू नसल्याने ते पुन्हा विरघळतं. पण ते घेणार कोण? कॉलर्पाला मुळांसारखे तंतू असतात. हे तंतू गाळातला अमोनियम शोषून वरच्या पानांपर्यंत पोचवतात, हे सुझन विल्यम्स यांनी 1984 मध्ये कॉलर्पाच्या एका जातीवर दाखवून दिलं. कॉलर्पा, समुद्रगवत किंवा तिवराचं रोप लावायचं असेल, तर चिखलाला अर्थ आहे. आज मात्र बहुतेक रेफ्युजियममध्ये कीटोमॉर्फा असतं. तारेच्या घासणीसारखा हा हिरवा गुंता पाण्यात नुसता फिरत राहतो. त्याला मूळ नाही; जे घ्यायचं ते पाण्यातूनच.

कॉलर्पा मागे पडलं त्यालाही कारणं आहेत. त्याचा अख्खा वेल म्हणजे एकच अवाढव्य पेशी. प्रजननाची वेळ आली की ती पेशी सगळं पाण्यात ओतते, वेल पांढरा फटक पडतो आणि टाकी हिरवट दुधाळ होते. चोवीस तासांचा दिवा होता तो हे टाळण्यासाठीच. शिवाय या कुळातलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया 1984 च्या सुमारास मोनॅकोच्या किनाऱ्यालगत सापडलं आणि भूमध्य समुद्रात फोफावलं. 2000 मध्ये ते कॅलिफोर्नियातही आढळलं आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने कॉलर्पाच्या नऊ जातींवर बंदी घातली.

लोहाच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. गंजाच्या कणांना फॉस्फेट चिकटून बसतं. लोह विरघळलं की ते फॉस्फेटही सुटतं. म्हणजे चिखल सुरुवातीला फॉस्फेट धरून ठेवेल आणि पुढे थर काळा पडला की परत सोडेल. त्यात संपमधला प्रवाह मंद, त्यामुळे वरून येणारी माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न त्यावरच साचतं. निम्मा चिखल बदलण्याच्या सल्ल्यामागे सूक्ष्म द्रव्यांची भरपाई हे कारण सांगितलं जाई; साचलेली घाण बाहेर जाणं हा फायदाही त्याहून कमी नाही.

मालवणला प्रवाळ आहेत आणि जवळच कोळंब, कर्ली या खाड्यांचा चिखलही आहे. चिखलाचे समर्थक निसर्गातल्या अशाच शेजाराचा दाखला देतात. पण खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते, पावसाळ्यात नदी नवा गाळ आणते, खेकडे तो अखंड उकरत असतात. काचेच्या कप्प्यात यातलं काहीच नाही. आणि खाडी जवळ आहे म्हणून मुंबई-ठाण्याकडचा चिखल उचलून टाकीत घालणं तर नकोच. त्यात सांडपाणी आणि जड धातू असतात.

पडताळा घ्यायचा तर दोन सारख्या टाक्या हव्यात: तेवढेच मासे, तेवढंच अन्न, तेवढाच उजेड, फरक फक्त चिखलाचा. घरोघरी उलट होतं. चिखल, शेवाळ आणि दिवा एकाच दिवशी येतात आणि नायट्रेट उतरलं की कौतुक पाकिटावरच्या नावाचं. वाळूच्या थरांची अशी तुलना रॉबर्ट टूनन आणि ख्रिस्तोफर वी यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केली. वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवायची जी रचना हौशी वर्तुळात तेव्हा गाजत होती, तिने फारसा फरक पडत नसल्याचं त्यांना दिसलं.

त्यामुळे जाणते मत्स्यपालक आधी रिकाम्या तळावर कीटोमॉर्फा आणि चांगला दिवा लावतात, दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट तपासतात. मुळं धरणारी वनस्पती लावायची असेल किंवा मँडरिनसाठी जिवंत खाद्य वाढवायचं असेल, तर काचेच्या बशीत वेगळा चिखल भरून ती कप्प्यात ठेवतात. आकडे बिघडू लागले की चिखल न ढवळता बशी तशीच उचलून बाहेर काढता येते.