वजनकाटा सांगत नाही ते

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा होता : २२.३. पण यंत्रानं अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसतच नव्हता.

युडकिन मॅरेथॉन धावणारे, तेव्हा काही फरक व्यायामाचाही असणार. पण ज्यांनी अजून पाऊलही टाकलेलं नाही, त्यांचं काय? डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे दंड बारीक आणि पोट लहान होतं, स्नायू कमी होते. पाठीवर कातडीखाली साठलेली चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला काटकुळं, पण आत चरबी धरून ठेवणारं शरीर आपल्यापैकी अनेकांना जन्मापासूनच मिळतं.

याचा त्रास पुढे होतो. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायूच कमी असतील आणि चरबी पोटात, यकृतात साठत असेल, तर इन्शुलिनचं काम अवघड होत जातं. म्हणूनच आपल्याकडे बारीक माणसालाही, आणि तेही ऐन चाळिशीत, मधुमेह गाठतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही जास्त, साधारण साडेतेरा कोटी. 'मी कुठे जाडा आहे?' या एका समजुतीपायी किती जण तपासणी टाळत असतील!

तेव्हा वजनकाट्याच्या जोडीला घरात शिंप्याची टेप हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावं. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. पँटच्या मापावर विसंबू नये, कारण पँट पोटाच्या खाली बसते. बीएमआयची मर्यादाही आपल्यासाठी कडक आहे. पाश्चात्त्यांमध्ये २५ च्या पुढे वजन जास्त धरतात, आपल्याकडे २३ च्या पुढेच.

आता ताटाकडे पाहू. मराठी घरातला दिवस पाहिला तर सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-बटाट्याची भाजी आणि भात, चहाबरोबर खारी, रात्री पुन्हा पोळी किंवा भात. पोट भरतं, पण या साऱ्यात पिष्टच जास्त. स्नायूंना लागणारी प्रथिनं त्यात थोडीच असतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ वरणाच्या वाटीतून त्यातली पाच-सहा ग्रॅम मिळाली तरी पुष्कळ. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्यांचं तर दुहेरी नुकसान होतं, कारण चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

प्रथिनं वाढवण्यासाठी पावडरीचे महागडे डबे विकत आणायची गरज नाही. वरण घट्ट करावं. पोह्यांवर मोड आलेली मटकी किंवा मूठभर शेंगदाणे घालावेत. पिठलं, उसळ, चवळी, हुलग्याचं माडगं हे कधीमधी न राहता रोजच्या जेवणात यावं. चालत असेल त्यांनी अंडी आणि मासे खावेत. शाकाहारी माणसानं दूध-दही सोडू नये, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. पुण्याजवळच्या त्याच गावांत सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ते कमी आढळलं होतं. उपवासाची साबुदाण्याची खिचडी चवीला कितीही छान असली, तरी साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच तर राजगिरा, दही, शेंगदाणे अधिक बरे.

याच गावांनी आणखी एक मोलाची गोष्ट दाखवली. ज्या स्त्रियांच्या गरोदरपणीच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा होतं, त्यांची बाळं अधिक वजनाची जन्मली. मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला ही काही श्रीमंतांची चैन नव्हे. घरातल्या मुलीच्या आणि सुनेच्या ताटात ते आधी पडायला हवं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं नव्हे.

स्नायू मात्र नुसत्या खाण्यानं वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि हा दुसरा भागच आपण सोडून देतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले; तालमीत जोर-बैठका होत्याच. यातलं काहीही चालेल. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठून बसावं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात आणि ती एकदम चढत नाही. रात्री जेवून लगेच टीव्हीपुढे बसण्यापेक्षा सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या माराव्यात.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. सडपातळ असाल, तरीही या महिन्यात एकदा जाऊन ती करून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर मुळीच टाळू नका.