तज्ज्ञांच्या पलीकडचा समुपदेशक: ‘संगाथ’च्या कार्याचा मागोवा

भारतात मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ साली आखला गेला आणि १९९६ साली त्याला जिल्हा पातळीवरील रचनेची जोड मिळाली. तथापि या दोन्ही टप्प्यांवर उपचाराची धुरा प्रामुख्याने डॉक्टरांवरच ठेवलेली होती. नैराश्य आणि चिंताविकार हे समाजात सर्वाधिक आढळणारे विकार पुष्कळदा संवादाधारित उपचारांनी आटोक्यात येतात हे ज्ञात असले, तरी खेड्यापाड्यांत असा संवाद साधणार कोण, या प्रश्नाला त्या रचनेत उत्तर नव्हते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही सामान्य मानसिक विकार असलेल्या सुमारे ८५ टक्के व्यक्ती उपचारांविना असल्याचे दिसून आले. समुपदेशकाच्या व्यवसायाचा गेल्या तीन दशकांचा विचार करताना गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेकडे वळावे लागते ते याच कारणाने, कारण १९९६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने हा प्रश्न मतांच्या पातळीवर न ठेवता तो चाचण्यांच्या कसोटीवर तपासला.

संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. विक्रम पटेल हे मूळचे मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत संशोधन केले, आणि रुग्ण स्वतःच्या दुःखाला वैद्यकीय नावाने ओळखत नसले तरी ते दुःख पाश्चात्त्य ग्रंथांतील नैराश्याहून फारसे निराळे नसते, अशा निष्कर्षाप्रत ते आले. संगाथचे आरंभीचे काम मुले आणि कुटुंबे यांच्याभोवती, विशेषतः विकासात्मक अडचणी असलेल्या बालकांभोवती होते. प्रौढांच्या नैराश्याकडे आणि तरुणांच्या प्रश्नांकडे संस्था नंतर वळली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पटेल यांच्या पुस्तिकेत मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध नसलेल्या ठिकाणी सामान्य आरोग्यकर्मचाऱ्याने काय करावे याचे मार्गदर्शन होते, आणि पुढील सर्व कामाची दिशा त्यातून स्पष्ट झाली.

येथे ‘सामान्य समुपदेशक’ ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. मानसशास्त्राची किंवा वैद्यकाची पदवी नसलेली, त्याच परिसरात राहणारी, लोकांची भाषा आणि घरची परिस्थिती जाणणारी आणि ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण घेऊन विशिष्ट पद्धतीचे समुपदेशन करणारी व्यक्ती, असा तिचा अर्थ होतो. तज्ज्ञाकडील कामाचा काही भाग अशा व्यक्तीकडे सोपवण्याला सार्वजनिक आरोग्यशास्त्रात कार्य-विभागणी म्हणतात. तज्ज्ञ यात बाजूला पडत नाही. तो प्रशिक्षक, पर्यवेक्षक आणि गुंतागुंतीच्या रुग्णांचा आधार या भूमिकांत राहतो.

या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा ‘मानस’ या प्रकल्पात झाली. गोव्यातील २४ दवाखाने त्यासाठी निवडण्यात आले होते, त्यांपैकी निम्मे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे तर निम्मे खासगी डॉक्टरांचे होते. स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन तेथे नेमण्यात आले. आजाराची माहिती देणे, झोप, श्वसन आणि ताण यांविषयी सल्ला देणे, आणि त्रास अधिक असल्यास व्यक्तीच्या नातेसंबंधांतील तणावांवर लक्ष केंद्रित करणारी आंतरवैयक्तिक उपचारपद्धती वापरणे हे त्यांचे काम होते. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, तर भेट देऊन मार्गदर्शन करण्याची जबाबदारी मानसोपचारतज्ज्ञाची होती. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या गटातील सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा मानला पाहिजे, कारण डॉक्टरकडे रुग्णासाठी वेळ आणि ओळख नसते तेथेच समुपदेशकाची गरज सर्वाधिक तीव्र असते, हे त्यातून सूचित होते.

पुढच्या टप्प्यावर छोट्या मुदतीचे समुपदेशन किती दूर नेऊ शकते हे तपासण्यात आले. ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ ही पद्धत वर्तन-सक्रियीकरणावर आधारित आहे. उदास व्यक्ती कामे आणि माणसे टाळत जाते, त्यामुळे आनंदाचे व यशाचे प्रसंग घटतात, परिणामी उदासी वाढते, आणि हे चक्र छोट्या, ठरवून केलेल्या कृतींनी उलटे फिरवता येते, असा त्यामागील विचार आहे. सहा ते आठ भेटींत हे काम केले जाते. दहा आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवरील चाचणीत समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांची नैराश्यातून सुटका झाली, तर तुलना-गटात ती ३९ टक्क्यांची झाली. मद्यपानाच्या समस्येने ग्रस्त पुरुषांसाठी स्वतंत्र समुपदेशन-पद्धतीही याच काळात तपासली गेली. या साऱ्या आकड्यांइतकीच दूरगामी ठरलेली बाब म्हणजे पर्यवेक्षणाची रीत. समुपदेशकांच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण, रुग्णाच्या संमतीने, सहकारी समुपदेशक एकत्र बसून ऐकत, ठरावीक निकषांवर गुण देत आणि काय सुटले, कोठे घाई झाली, कोठे सल्ला ऐकण्यापूर्वीच दिला गेला यावर चर्चा करत. तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी त्यांचे गुण बऱ्यापैकी जुळू लागले, तेव्हा गुणवत्ता राखण्याचे काम तज्ज्ञांच्या हातून समुपदेशकांच्याच हाती सोपवणे शक्य झाले. एखादा व्यवसाय प्रौढ होतो तो अशा प्रक्रियेतून, आणि प्रमाणपत्रांच्या संख्येपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

तरुणांबरोबरचे काम याच काळात स्वतंत्र वाटेने वाढले. २०१० साली भारतात झालेल्या आत्महत्यांपैकी पुरुषांमधील सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांमधील सुमारे ५६ टक्के १५ ते २९ या वयोगटातील असल्याचा अंदाज २०१२ साली ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने मांडला, आणि शाळा-महाविद्यालयांतील समुपदेशन हा चैनीचा विषय नाही हे त्याने अधोरेखित केले. गोव्यात ‘युवामित्र’ या उपक्रमात १६ ते २४ वयोगटातील तरुणांसाठी समवयस्क मित्रांनाच प्रशिक्षित करण्यात आले होते. त्यानंतरच्या ‘सेहर’ या बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील चाचणीत मात्र कोण बोलतो याचाच निकाल लागला. काही सरकारी शाळांत बाहेरून नेमलेल्या सामान्य समुपदेशकाने प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, अडचणी मांडण्यासाठी पेटी आणि एकेकट्या विद्यार्थ्याशी समस्या-निराकरणाची बैठक अशी कामे केली. इतर काही शाळांत तीच कामे शिक्षकांकडे होती. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. शिक्षकांचा दोष काढण्याचे यात कारण नाही, कारण अध्यापन, परीक्षा आणि प्रशासकीय कामे सांभाळून हे काम त्यांच्यावर वाढीव म्हणून आले होते, आणि विद्यार्थ्याला गुण देणाऱ्या व्यक्तीपाशी मन मोकळे करणे हेही सोपे नसते. दिल्लीतील सहा सरकारी शाळांतील चाचणीत चार-पाच छोट्या भेटींच्या समुपदेशनाने विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी केवळ पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा अधिक कमी झाल्या, पण लक्षणांच्या मोजमापात त्या टप्प्यावर फरक आढळला नाही. तेव्हा या कामाच्या मर्यादाही चाचण्यांनीच दाखवल्या आहेत.

महाराष्ट्राशी या कामाचा थेट संबंध ‘विश्राम’ या प्रकल्पातून आला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते, सामान्य समुपदेशक आणि डॉक्टर यांची साखळी उभारण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्यग्रस्तांपैकी आरोग्यसेवेकडे गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी स्वतंत्र गावे नसल्याने हे सारे श्रेय प्रकल्पालाच द्यावे असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात ‘टेन्शन’ म्हणून गिळून टाकलेले दुःख बोलून दाखवण्यास लोक तयार असतात, फक्त ऐकणारे कोणी जवळ असले पाहिजे, हे यातून दिसते.

या कामाची उणी बाजू वेगळीच आहे. समुपदेशनाची पद्धत सिद्ध झाली, परंतु समुपदेशकाचे पद प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेले राहिले. निधी संपला की प्रशिक्षित व्यक्ती दुसऱ्या नोकरीकडे वळते आणि गावाशी जोडलेला विश्वासाचा धागा तेथेच तुटतो. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात समुपदेशकाला स्थान मिळाले, ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा आली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचा निर्देश दिला. ही पावले योग्य दिशेची आहेत, पण बहुतांश नेमणुका कंत्राटी राहिल्या, तर त्यांतून अनुभवी समुपदेशकांची पिढी उभी राहणार नाही. महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेत समुपदेशकाचे पद मंजूर आस्थापनेत समाविष्ट करावे, आणि त्याला नियमित वेतनासह पर्यवेक्षणासाठीचा राखीव वेळही द्यावा.