नाव झायगोग्रामा, खाद्य कोणते?

पावसाळा सुरू झाला की गाजरगवताच्या पानांवर एक छोटा भुंगेरा दिसू लागतो. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, पाठ पांढुरकी आणि तिच्यावर तपकिरी रेघा. हा मूळचा मेक्सिकोचा. गाजरगवताला आळा घालण्यासाठी तो १९८३ मध्ये बंगळूरला आणला गेला आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला गेला.

त्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलरॅटा. यातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ढालपंखी गण, त्यात पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे क्रायसोमेलिडी कुल आणि त्यात ही प्रजाती, अशी उतरंड आहे. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत मिळून या प्रजातीच्या सुमारे १०० जाती आढळतात.

या जाती एकत्र का ठेवल्या? रंग किंवा रेघा पाहून नव्हे. बटाट्याचा शत्रू असलेला कोलोरॅडो भुंगेराही रेघांचाच असतो. पण झायगोग्रामाच्या पायाच्या टोकाच्या दोन नख्या बुडाशी जोडलेल्या असतात. कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या सुट्या असतात. म्हणून तो लेप्टिनोटार्सा या वेगळ्या प्रजातीत जातो.

प्रजाती एक म्हणजे नाते जवळचे. मग खाणेही सारखे असेल का? झायगोग्रामाची एक जाती अँब्रोसिया हे तण खाते. १९७८ मध्ये ती सोव्हिएत संघात मुद्दाम नेली गेली. दुसरी जाती उत्तर अमेरिकेत सूर्यफुलाची पाने फस्त करते. अँब्रोसिया, सूर्यफूल आणि गाजरगवत ही तिन्ही एकाच वनस्पतिकुलातली!

म्हणूनच १९९० नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसले, तेव्हा शेतकरी धास्तावले. भुंगेरे सोडणे थांबले, चौकशी झाली. पानांवर गाजरगवताचे परागकण पडलेले असले की प्रौढ भुंगेरे सूर्यफूलही कुरतडतात, असे प्रयोगांत दिसले. पिकाला मोठा धोका नाही असा निर्वाळा पुढे मिळाला आणि भुंगेरे पुन्हा सोडले जाऊ लागले.

प्रजातीचे नाव आपल्याला योग्य शंका सुचवते; उत्तर मात्र त्या त्या जातीची परीक्षा घेऊनच मिळते. वर्गात भिंगातून हे भुंगेरे जरूर दाखवा. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, त्यामुळे मुलांना ते उपटायला लावू नका.