पाण्याची तरंगती पिशवी

उन्हाळ्यात आपल्या जालना जिल्ह्यात हापसे कोरडे पडतात, विहिरी तळ गाठतात आणि गावोगावी टँकर येतो. मोठ्या टँकरमध्ये साधारण १० हजार लिटर पाणी मावते. पण १ कोटी लिटर पाणी एकाच खेपेत नेता येईल का? हो, येते! तेही चक्क पिशवीत भरून.

तुर्कस्तानच्या दक्षिणेला सायप्रस नावाचे बेट आहे. चोहीकडे समुद्र, पण प्यायला गोडे पाणी कमी. १९९८ साली नॉर्वेच्या एका कंपनीने तुर्कस्तानातून उत्तर सायप्रसला पाणी न्यायला सुरुवात केली. प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या मजबूत कापडाची भलीमोठी पिशवी करायची, ती गोड्या पाण्याने भरायची, तोंड बंद करायचे आणि दोराने बोटीला बांधून ओढत न्यायची. एका पिशवीत १ कोटी लिटर पाणी, म्हणजे आपले १ हजार टँकर!

एवढी जड पिशवी बुडत कशी नाही? १ लिटर गोडे पाणी १ किलो भरते. समुद्राच्या पाण्यात मीठ असते, म्हणून ते लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जास्त भरते. हलके पाणी जड पाण्यावर तरंगते. त्यामुळे पिशवीचा थोडा भाग वर दिसतो, बाकी सारी पाण्याखाली.

पण लाटांच्या हिसक्याने कापड फाटण्याची भीती असते. बोटीलाही सावकाश जावे लागते. काही वर्षांनी तिथले हे काम थांबले. २०१५ साली समुद्रातून सुमारे ८० किलोमीटर पाइप टाकून सायप्रसला पाणी नेले.

मग आपल्याकडे अशी पिशवी का आणत नाहीत? आपला जिल्हा समुद्रापासून लांब आणि सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. पिशवी तरंगते, पण घाट चढत नाही! म्हणून २०१६ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातील लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी घेऊन. पुढे ५० डब्यांची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. अंतर ३४२ किलोमीटर!

लांबून पाणी आणायचे म्हणजे डिझेल, माणसे, पैसा सारेच लागते. त्यापेक्षा पावसाचे पाणी पडेल तिथेच अडवलेले बरे. आपल्याच जिल्ह्यातील कडवंची गावाने हे करून दाखवले. तिथे १९९६ पासून पाणलोटाची कामे झाली. बांध घातले, चर खोदले, पुढे शेततळी केली. शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. तीही एक पाण्याची पिशवीच की! फक्त ती कुठे ओढत न्यावी लागत नाही.

करून पाहा : पातेल्यात १ लिटर पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ विरघळवा. छोट्या पिशवीत साधे पाणी भरा, आत हवा राहू देऊ नका, घट्ट गाठ मारा आणि पातेल्यात सोडा. काय होते ते आईबाबांनाही दाखवा. आणि हो, पिशवीतले पाणी फेकू नका, झाडाला घाला!