नाव आणि आकडा

लेखमाला : युद्धाच्या आठवणी
लेखांक ६

इराकमध्ये बसऱ्याहून नासिरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर वाळवंटात, एक लांबच लांब दगडी स्मारक उभं आहे. १९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात मरण आलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं हे स्मारक. आधी ते शत्त-अल-अरब नदीच्या काठी, माकिलच्या गोदीत होतं. तिथं १९२९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमावरून ते आजच्या जागी हलवण्यात आलं.

इथं ज्यांची आठवण जपायची होती, त्यांतले बहुसंख्य भारतीय होते. मराठा पलटणींचे शिपाईही त्यांत होते. पुण्याच्या नावानं ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन या मोहिमेवर सुरुवातीलाच गेली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. जवळपास पाच महिने उपासमार सोसल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. वेढ्यातून जे वाचले, त्यांतल्या कित्येकांचा अंत पुढे तुर्कांच्या कैदेत, उन्हातान्हातल्या पायपिटीत झाला.

बसऱ्याच्या स्मारकाची भिंत वाचायला घेतली की तिची मांडणी ध्यानात येते. पलटणीचं नाव, त्याखाली इंग्रज अधिकाऱ्यांची नावं, मग सुभेदार आणि जमादार यांची नावं. आणि साध्या भारतीय शिपायांच्या जागी फक्त आकडा: इतर अमुक इतके. सातारा-रत्नागिरीकडून गेलेला शिपाई त्या आकड्यात आहे. त्याचं नाव दगडावर नाही.

मागच्या दोन लेखांत आपण पुतळे आणि विजयकमानी पाहिल्या. आज स्मारकावरच्या नावांकडे पाहू. माझं म्हणणं थोडक्यात असं: एखाद्या समाजानं युद्धात कोणाला माणूस म्हणून मोजलं आणि कोणाला केवळ संख्येत धरलं, हे जाणून घ्यायचं असेल तर स्मारकाची उंची पाहू नये, त्यावरची यादी वाचावी.

नाव कोरण्याची रीत

प्रत्येक सैनिकाचं नाव कोरायचं ही रीत आज आपल्याला स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ती सर्वत्र रूढ होऊन जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत. महाराष्ट्राच्या गावोगावी देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी वीरगळ दिसतात. खालच्या टप्प्यात लढाई किंवा गाईगुरांसाठी झालेली झुंज, मधल्यात वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर इथल्या वीरगळांवर तर गलबतांची सागरी लढाई कोरली आहे. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत, पण आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके आहेत. ज्या गावानं तो दगड उभा केला, त्याला वीर कोण हे ठाऊक होतं. लिहून ठेवण्याची गरज त्याला भासली नाही. त्या काळच्या युरोपातही फारसं वेगळं नव्हतं. तिथं सेनापतीचं नाव कोरलं जाई आणि शिपाई सामायिक खड्ड्यात पुरले जात.

पहिल्या महायुद्धानं हे चित्र पालटलं. यावेळी मेलेले बहुतेक जण पोटासाठी पलटणीत शिरलेले व्यावसायिक शिपाई नव्हते. शिक्षक, कारकून, शेतकरी, गिरणी कामगार असे घराघरांतले तरुण होते आणि त्यांची घरं उत्तर मागत होती. फेबियन वेअर यांच्या पुढाकारानं मे १९१७ मध्ये इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ मध्ये त्यासाठी अहवाल लिहिला आणि त्यातून एक तत्त्व पक्कं झालं: मृत्यूनंतर हुद्दा, दर्जा, धर्म असा भेद नाही, सगळ्यांना सारखाच दगड. ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावं मोठ्या स्मारकांवर कोरायची, असंही ठरलं. कमिशनचे साहित्यविषयक सल्लागार होते मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंग. त्यांचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

या तत्त्वातून बेल्जियममधल्या ईप्र शहरात मेनिन गेट उभं राहिलं. १९२७ मध्ये उद्घाटन झालेल्या या वेशीच्या भिंतींवर ५४ हजारांहून अधिक नावं आहेत. तिथं आजही रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन ताब्याचा काळ वगळता हा शिरस्ता १९२८ पासून चालत आला आहे. फ्रान्समध्ये तिएपवाल इथं लुट्येन्स यांनी आखलेल्या स्मारकावर ७२ हजारांहून अधिक नावं आहेत. इतकी नावं एकत्र वाचणं एका माणसाला शक्य नाही, आणि म्हणूनच तिथं युद्धाचा खरा आवाका अंगावर येतो.

सारख्याच तत्त्वाची दोन मापं

फ्रान्समध्येच न्यव्ह शापेल इथं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. मार्च १९१५ मध्ये या गावाजवळच्या हल्ल्यात भारतीय पलटणींनी मोठी जीवितहानी सोसली होती. हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या या स्मारकात कमळाचा माथा असलेला पंधरा मीटर उंच स्तंभ, वाघांच्या मूर्ती आणि जाळीदार भिंत आहे. त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत, शिपायांपासून सर्वांची. म्हणजे फ्रान्समध्ये बेपत्ता झालेल्या भारतीय शिपायाचं नाव कोरलं गेलं आणि त्याच सैन्यातला शिपाई इराकमध्ये बेपत्ता झाला तर त्याचा आकडा झाला. कमिशन एकच, युद्ध एकच, काळही तोच.

हे कशामुळे घडलं? याचं उत्तर कमिशनच्याच एका विशेष समितीनं एप्रिल २०२१ मध्ये दिलं. आधी २०१९ मध्ये खासदार डेव्हिड लॅमी यांनी दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटातून पूर्व आफ्रिकेतल्या विस्मृत मृतांचा प्रश्न लोकांसमोर आणला होता. समितीनं अंदाज मांडला की ४५ हजार ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीनं झालं. त्यात भारतीय होते, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले, इजिप्तचे आणि सोमाली लोकही होते. याशिवाय किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचं स्मरण नावानिशी झालंच नाही, किंवा मुळीच झालं नाही. युरोपबाहेरच्या, ‘असंस्कृत’ समजल्या गेलेल्या लोकांना वैयक्तिक स्मारकाची कदर नसते, अशी धारणा वसाहतींच्या अधिकाऱ्यांमध्ये होती. नैरोबी, मोंबासा आणि दार-ए-सलाम इथं आफ्रिकन सैनिक-हमालांचे पुतळे उभे राहिले, पण त्यांवर नावं आली नाहीत. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

तो अहवाल माझ्या मते युद्धस्मृतीच्या इतिहासातला मोलाचा दस्तऐवज आहे. समतेचं तत्त्व लिहून ठेवणं सोपं होतं. ते कुठं मोडलं हे शोधायला त्या संस्थेला शंभर वर्षं लागली, आणि तेही बाहेरून प्रश्न विचारले गेल्यावर.

कोरलेलं नाव काय करतं?

नाव असलं काय, नसलं काय, मेलेल्याला काय फरक पडतो, असं कोणी म्हणेल. फरक जिवंतांना पडतो. याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच प्रांतात, भीमा नदीच्या काठी कोरेगावला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तिथं कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीची पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. ईस्ट इंडिया कंपनीनं काही वर्षांतच तिथं जयस्तंभ उभारला. तो आपल्या सत्तेचा गौरव करण्यासाठी होता, यात शंका नाही. पण त्यावर मृत देशी शिपायांची नावंही कोरली गेली. त्यांत वीसहून अधिक नावांच्या अखेरीस ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची आहेत.

१८९० च्या दशकात इंग्रज सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा गोपाळबुवा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला हा त्या अर्जांचा कणा होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले आणि ती जागा एका समाजाच्या स्वाभिमानाची झाली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हाच स्तंभ होता. ज्या सत्तेनं तो उभारला तिच्या मनातही नसलेला अर्थ त्याला मिळाला, आणि त्याला आधार होता दगडावरच्या नावांचा. तिथं नुसता आकडा असता, तर ‘हे आमचे’ असं कोणाला म्हणता आलं असतं?

यादीचा क्रम, यादीची कड

नावं कोणत्या क्रमानं लिहायची हाही निर्णयच असतो. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकासाठी १९८१ मध्ये खुली स्पर्धा झाली. १,४२१ आराखड्यांतून निवड झाली ती येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या माया लिन हिची. तिनं मागितलं ते इतकंच: जमिनीत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या दोन भिंती, आणि मृत्यूच्या तारखेच्या क्रमानं नावं, हुद्द्याशिवाय. त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले सोबती भिंतीवरही शेजारी आले. काही माजी सैनिकांनी या आराखड्याला कडाडून विरोध केला. तडजोड म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवण्यात आला. आज लोक गर्दी करतात ती मात्र भिंतीपाशी. बोटानं नाव शोधतात, कागद ठेवून पेन्सिलनं त्याचा ठसा घेतात, फुलं आणि पत्रं ठेवून जातात. या भिंतीचा दगड आपल्या बंगळुरू परिसरातून गेला आहे.

पण त्या भिंतीलाही एक कड आहे. तिच्यावर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन नावं आहेत. त्याच युद्धात मेलेल्या लाखो व्हिएतनामी माणसांचं एकही नाव नाही. १९९१ मध्ये क्रिस बर्डन या अमेरिकन कलावंतानं तांब्याच्या पत्र्यांवर तीस लाख व्हिएतनामी नावं कोरून ही उणीव दाखवली. खरी यादी उपलब्ध नसल्यानं त्याला टेलिफोन डिरेक्टरीतली नावं घेऊन जुळवाजुळव करावी लागली.

ही कड ओलांडणारी स्मारकं जगात थोडी आहेत. जपानमधल्या ओकिनावा बेटावर १९९५ मध्ये, लढाईला पन्नास वर्षं होताना, ‘शांतीची कोनशिला’ उभी राहिली. तिथं २ लाख ४० हजारांहून अधिक नावं आहेत: ओकिनावाचे नागरिक, जपानी सैनिक, अमेरिकन सैनिक, कोरियातून आणलेले लोक. उत्तर फ्रान्समध्ये २०१४ साली उभारलेल्या स्मृतिवलयात पहिल्या महायुद्धातल्या मृतांची ५ लाख ७९ हजार ६०६ नावं वर्णानुक्रमानं लावली आहेत. शत्रू आणि मित्र एकाच ओळीत येतात. विजय कोणाचा झाला हे तिथं दिसत नाही. किती माणसं गेली, हे दिसतं.

आपल्या गावाची पाटी

दिल्लीत इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत. ती वसाहतीच्या काळातल्या सैन्याची. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांचं राष्ट्रीय स्मारक त्याच परिसरात २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. त्याच्या त्यागचक्रात तेव्हा २५,९४२ नावं कोरलेली होती, प्रत्येकाचा स्वतंत्र दगड. रोज संध्याकाळी एका कुटुंबाच्या हातून तिथं पुष्पचक्र वाहिलं जातं. शिपायाचं नाव आणि त्याचं घर यांची गाठ पुन्हा बांधण्याची ही रीत मला योग्य वाटते.

आता आपल्या अंगणात पाहू. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसवलेल्या पाट्या आहेत, कुठं चावडीच्या भिंतीत, कुठं शाळेत. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. पुन्हा आकडाच. ज्यांना त्या माणसांची नावं तोंडपाठ होती ती पिढी गेली आहे.

ही नावं मात्र हरवलेली नाहीत. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेल्या अनेक शिपायांची नावं कमिशनच्या नोंदवह्यांत आहेत आणि त्या आज इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. लाहोर संग्रहालयात पडून राहिलेल्या पंजाबच्या नोंदवह्यांत सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती आहे; तिचा पहिला भाग २०२१ मध्ये संगणकावर आणला गेला आणि ब्रिटनमधल्या पंजाबी कुटुंबांना त्यात आपले पणजोबा सापडले. महाराष्ट्रात हे काम अजून व्हायचं आहे. ते लंडनला किंवा दिल्लीला बसून पुरं होणार नाही. इंग्रज कारकुनानं वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये लिहिलेलं गाव कोणतं, हे त्या तालुक्यातल्या माणसालाच ओळखू येईल. आडनाव कोणत्या वाडीचं, हे तिथल्या पोस्टमनला, शिक्षकाला, पोलीस पाटलाला कळेल. आपल्या गावात अशी पाटी असेल, तर शाळेच्या नववी-दहावीच्या मुलांना तो आकडा द्या आणि नावं शोधायला सांगा. जितकी सापडतील तितकी ग्रामपंचायतीनं त्याच पाटीशेजारी लावावीत. बसऱ्याची भिंत पुरी करणं आपल्या हातात नाही, चावडीची आहे.

(पुढील लेखांकात : युद्धसंग्रहालयांत शस्त्रं कशी मांडली जातात)